मेजवानीचा विचका

‘द पार्टी’ या १९६८ सालच्या चित्रपटातला सगळा अनर्थ एका कागदामुळे घडतो. हृंदी व्ही. बक्षी नावाचा हिंदुस्थानी नट हॉलिवूडच्या एका साहसपटात बिगुलवाल्याचं काम करतो आहे. गोळ्या लागल्यावर निमूट मरायचं, एवढंच त्याचं काम. पण गडी मरायलाच तयार नाही. गोळ्यांवर गोळ्या बसतात आणि हा पडत-उठत बिगुल फुंकतच राहतो. पुढे पायातलं नीट बांधण्यासाठी तो नेमका सुरुंगाच्या दांड्यावर पाय ठेवतो आणि कॅमेरे सुरू व्हायच्या आत अख्खा किल्ला उडतो. ‘याला पुन्हा कुठे काम मिळता कामा नये’ म्हणून स्टुडिओचे प्रमुख जनरल क्लटरबक त्याचं नाव समोरच्या कागदावर टिपून ठेवतात. तो कागद त्यांच्याच घरच्या मेजवानीतल्या पाहुण्यांच्या यादीचा असतो.

बाकीचा सिनेमा म्हणजे ती एक संध्याकाळ. घरभर पाण्याचे पाट, बटण दाबलं की सरकणारी जमीन, बटण दाबलं की भिंतीत शिरणारा बार. पाहुण्यांत निर्माते, नट, नट्या, त्यांच्या मागेपुढे करणारे लोक. बक्षी येतो तोच एका बुटाला चिखल लावून. बूट पाण्यात धुवायला जातो, तो हातातून निसटून वाहत जातो आणि पुष्कळ उचापतींनंतर खाण्याच्या ताटात विराजमान होतो. तिथून पहाटेपर्यंत घर फेसाने भरून जातं. कथानक म्हणून सांगण्यासारखं एवढंच. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स यांनी टॉम आणि फ्रँक वॉल्डमन या लेखकांबरोबर रचलेली संहिता साठेक पानांचीच होती. बाकी सगळं सेटवर, क्रमाने, एकातून एक सुचत गेलं. कॅमेऱ्याला जोडलेल्या व्हिडिओमुळे झालेला शॉट लगेच पाहता येई. त्या काळी ही सोय नवी होती. बक्षीचं काम करणारे पीटर सेलर्स आणि मंडळी तो पाहत आणि पुढची फजिती आधीच्या फजितीवर रचत.

ज्याला आपण स्लॅपस्टिक म्हणतो त्या अंगाच्या विनोदावर मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. शाब्दिक कोटी, उपहास, विडंबन यांच्यावर आपण पानंच्या पानं खर्च केली; घसरून पडणाऱ्या माणसाला मात्र ‘पोरांसाठी ठीक आहे’ म्हणून सोडून दिलं. या पुस्तकातले लेख त्या उपेक्षेची थोडी भरपाई करतात. सगळ्या स्लॅपस्टिकचा पसारा आवरणं एका पुस्तकाच्या आवाक्यात नाही, म्हणून आम्ही त्याचा एकच कोपरा धरला: बिघडलेली मेजवानी, फसलेला समारंभ, विचका झालेलं स्नेहसंमेलन. ‘द पार्टी’ मध्यभागी आणि बाकीचे चित्रपट तिच्याभोवती.

हाच कोपरा का? रस्त्यात माणूस घसरला तर लोक हसतात आणि पुढे जातात. तोच माणूस हातात शरबताचा पेला घेऊन, घरमालकिणीशी बोलता बोलता घसरला तर कुणाला हसता येत नाही आणि कुणाला जाताही येत नाही. मेजवानी ही नियमांनी गच्च भरलेली गोष्ट आहे. आत कसं शिरायचं, कुणाला आधी ओळख द्यायची, कुणाच्या विनोदाला किती हसायचं, कुठे बसायचं, न्हाणीघर कुठे आहे हे कुणाला विचारायचं आणि शेवटी निघायचं कधी. यातला एकही नियम कुठे लिहिलेला नसतो आणि तो मोडला की सगळ्यांना कळतं. स्लॅपस्टिकला अशीच जागा हवी असते. मोडायला काही नसेल तर पडण्यात मजा नाही.

या विनोदाचा जन्म चित्रपटाबरोबरच झाला. ल्युमिएर बंधूंच्या १८९५च्या चित्रफितींत बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची एक आहे. पोरगं नळीवर पाय ठेवतं, पाणी थांबतं, माळी नळीत डोकावतो, पोरगं पाय काढतं. सगळं व्याकरण त्यात आलं: काम करणारा माणूस, त्याला न दिसणारं कारण आणि आपल्याला दोन्ही दिसत असल्याने लागलेली वाट पाहण्याची गोडी. १९१२मध्ये मॅक सेनेट यांची कीस्टोन कंपनी आली आणि या व्याकरणाला वेग मिळाला. पोलीस, मोटारी, धावाधाव, ढकलाढकली. कीस्टोनच्या विनोदाला गर्दी लागते आणि गर्दीत कुणाचा चेहरा लक्षात राहत नाही. त्या घराण्याबद्दल याहून अधिक सांगण्याजोगं मला फार सापडत नाही. त्याचं मोठं काम म्हणजे त्याने चॅप्लिनला पडद्यावर आणलं.

चॅप्लिनने मेजवानीत चेहरा आणला. त्याचा भटक्या पुन्हा पुन्हा मोठ्या लोकांच्या समारंभात शिरतो. कधी खोट्या नावाने, कधी मालकाच्या लहरीने. ‘द अ‍ॅडव्हेंचरर’मध्ये (१९१७) तो तुरुंगातून पळालेला कैदी आहे आणि ज्या घरात पाहुणा म्हणून गेला आहे तिथे त्याच्या हातून आइस्क्रीम वरच्या सज्जातून खाली बसलेल्या बाईच्या पाठीवर पडतं. ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) तो चुकून शिट्टी गिळतो. गवई गायला उभा राहिला की याला उचकी लागते आणि प्रत्येक उचकीला पोटातून शिट्टी वाजते. चित्रपटाला बोलपट होऊन काही वर्षं झाली होती आणि चॅप्लिन अजून मूक राहण्याचा हट्ट धरून होता. त्या हट्टाचं हे सर्वांत खट्याळ उत्तर. मेजवानी देणारा श्रीमंत दारूच्या नशेत त्याला जिवलग मानतो आणि शुद्धीवर आला की ओळखही देत नाही. त्यामुळे ‘पाहुणा’ या पदाचा सगळा भरवसा तिथेच ढासळतो. ‘द गोल्ड रश’मधली (१९२५) नववर्षाच्या रात्रीची मेजवानी तर त्याहून वाईट: पाहुणे येतच नाहीत.

हॅरल्ड लॉइडची गोष्ट वेगळी. त्याच्या नायकाला श्रीमंतांची खोड मोडायची नसते, त्याला त्यांच्यातलं व्हायचं असतं. ‘द फ्रेशमन’मध्ये (१९२५) कॉलेजातला तरुण स्वखर्चाने मेजवानी देतो, पण त्याचा सूट नुसत्या कच्च्या टाक्यांवर आहे. शिंपी सुई-दोरा घेऊन पडद्याआड उभा. नाचता नाचता बाही सुटते, खिसा सुटतो, शिवण उसवते आणि हा प्रत्येकाशी हसून हात मिळवतो आहे. या पुस्तकातला एकच प्रसंग निवडून दाखवा असं कुणी म्हटलं तर मी हा दाखवेन. प्रतिष्ठेची शिवण कच्ची असते हे सांगायला त्याला एक शब्दही लागत नाही.

आणि मग हॅल रोच यांचा स्टुडिओ. लॉरेल आणि हार्डी. इथे या विनोदाने वेग टाकला आणि ठाय लयीत गायला सुरुवात केली. लिओ मॅकॅरी यांच्या देखरेखीखाली एक रीत घट्ट झाली: एकाने आगळीक करायची, दुसऱ्याने ती शांतपणे पाहायची, विचार करायचा आणि मगच उत्तर द्यायचं. मध्ये पहिला माणूस अडवत नाही, पळत नाही, जणू ठरलेली पाळी आहे. ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मधली (१९२७) ‘पाय’ची (pie) फेकाफेकी अशीच एकेका माणसाने वाढत जाते. तिचं हरवलेलं रीळ २०१५मध्ये सापडलं तेव्हा जुन्या चित्रपटांच्या शौकिनांना घबाड मिळाल्यासारखं झालं. आमच्या विषयाला त्याहून जवळचा आहे ‘फ्रॉम सूप टु नट्स’ (१९२८). नवश्रीमंत घरात रात्रीची मेजवानी, लॉरेल-हार्डी वाढपी. घरच्या बाई ताटातली एक चेरी चमच्याने पकडू पाहतात, चेरी निसटते आणि मान वाकवली की डोक्यावरचा रत्नजडित मुकुट डोळ्यांवर घसरतो. ‘द पार्टी’त बक्षीच्या ताटातली कोंबडी उडून एका बाईच्या अशाच मुकुटावर जाऊन बसते तेव्हा मला ही चेरी आठवते. एडवर्ड्स यांनी ‘द ग्रेट रेस’ (१९६५) लॉरेल आणि हार्डी यांनाच अर्पण केला होता. त्यांचे सावत्र आजोबा जे. गॉर्डन एडवर्ड्स मूकपटांचे दिग्दर्शक. हे ऋण घरचंच म्हणायला हवं.

मार्क्स बंधूंना या पंगतीत बसवावं की नाही यावर आमच्यात मतभेद झाले. त्यांचा दंगा अर्धा जिभेचा. तरी ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’मधल्या (१९३०) मार्गारेट ड्युमाँटशिवाय ‘यजमानीण’ या पात्राचा इतिहास लिहिता येत नाही. घरावर आलेलं प्रत्येक संकट ती बाई पाहुण्यांच्या शिष्टाचारात बसवू पाहते. क्लटरबकबाई तिच्याच वंशातल्या.

पन्नाशीच्या दशकात फ्रान्समध्ये झाक ताती यांनी नायकालाच बाजूला सारलं. ‘माँ ओंक्ल’मधल्या (१९५८) आधुनिक बंगल्यात माशाच्या आकाराचं कारंजं आहे, ते पाहुणे आले की सुरू करायचं आणि सामान्य माणूस असला की बंद. विनोद माणसापेक्षा घरच करतं. १९६७च्या ‘प्लेटाइम’मध्ये पूर्ण तयार नसलेलं एक उपाहारगृह उद्‌घाटनाच्या रात्री हळूहळू मोडत जातं आणि जसजसं मोडतं तसतशी तिथली माणसं खुलत जातात. कॅमेरा लांब उभा. कुठे पाहायचं हे तुम्ही ठरवा. एडवर्ड्स यांनी रुंद चौकट, बटणांचं घर आणि घाई न करण्याची हिंमत याच वाटेने नेली, पण मध्यभागी एक माणूस ठेवला. ताती यांना ज्याची गरज वाटली नाही तो प्रश्न त्यामुळे एडवर्ड्स यांच्या गळ्यात पडला: हा माणूस कोण असावा?

तिकडे येण्याआधी आणखी दोन वाटा दाखवून ठेवतो. एक ब्रिटिश. तिथे फजितीचा केंद्रबिंदू बहुधा नोकर असतो आणि हसू पडण्यापेक्षा अवघडलेपणाचं. फ्रेडी फ्रिंटन आणि मे वॉर्डन यांचं ‘डिनर फॉर वन’ हे छोटं इंग्रजी प्रहसन १९६३मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने ध्वनिमुद्रित केलं आणि आज जर्मनीत ते दर ३१ डिसेंबरला पाहणं हा जवळजवळ सणाचा भाग आहे. नव्वद वर्षांच्या म्हातारीच्या वाढदिवसाला तिचे चार मित्र ‘हजर’ आहेत, म्हणजे कधीच वारले आहेत. बटलर चौघांच्या वतीने दारू पितो आणि वाघाच्या कातड्याच्या डोक्याला दर खेपेस अडखळतो. एका खेपेला मात्र तो अडखळत नाही आणि तेव्हाच सर्वांत जास्त हसू येतं. दुसरी वाट बुन्युएल यांची. ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’मध्ये (१९६२) जेवण संपल्यावर पाहुण्यांना दालनातून बाहेरच पडता येत नाही, दार उघडं असूनही. ते स्लॅपस्टिक नव्हे, पण निघायचं कधी हा पाहुण्याचा प्रश्न त्याच्याइतका ताणून कुणी पाहिलेला नाही.

आपल्याकडे या मुलखाचा स्वतंत्र नकाशा आहे. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सनी दारं, लपाछपी आणि पळापळ यांची शिस्त मराठी रंगमंचावर आणली. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये (१९८३) महानगरपालिकेच्या आयुक्ताचं प्रेत द्रौपदी बनून महाभारताच्या प्रयोगात शिरतं, मागोमाग बिल्डर, संपादक, छायाचित्रकार सगळेच रंगमंचावर. ‘सिटी लाइट्स’च्या बरोबरीने बसेल असा हा समारंभाचा विचका, आणि त्याचा शेवट अमेरिकन परंपरेत सहसा होत नाही इतका कडू: निर्दोष पोरंच तुरुंगात जातात. महेश एलकुंचवारांच्या ‘पार्टी’ या नाटकाचा आणि त्यावरच्या गोविंद निहलानींच्या चित्रपटाचा (१९८४) उल्लेख इथे अनेकांना विचित्र वाटेल. त्यात कुणी घसरत नाही. पण विजया मेहतांनी साकारलेल्या दमयंती राणेंच्या घरी जमलेले लेखक-कलावंत न आलेल्या एका कवीच्या सावलीत जसे एकेक सोलले जातात, ते पाहिल्यावर कळतं की मेजवानी हे यंत्र विनोदाशिवायही चालतं.

आता बक्षी. एका इंग्रज नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून, ठसक्याचं ‘इंडियन’ इंग्रजी बोलत केलेली ही भूमिका आहे. सेलर्स यांनी ‘द मिलियनेरेस’मध्ये (१९६०) सोफिया लॉरेनसमोर डॉ. कबीर रंगवला होता तेव्हापासून हा उच्चार त्यांच्या पोतडीत होता. आणि एडवर्ड्स यांचा ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ (१९६१) इथे दोनदा साक्षीला येतो. त्यातली गच्च भरलेल्या फ्लॅटमधली मेजवानी, जिथे एका बाईची टोपी पेटते आणि दुसऱ्याच्या हातून सांडलेल्या पेल्याने विझते, ती ‘द पार्टी’ची तालीम आहे. त्याच चित्रपटात मिकी रूनी यांनी जपानी शेजाऱ्याचं जे सोंग आणलं ते आज पाहवत नाही, आणि तीही याच चित्रपटाची तालीम आहे.

सत्यजित राय यांच्या ‘द एलियन’ या न झालेल्या चित्रपटात सेलर्स एका मारवाडी व्यापाऱ्याचं काम करणार होते. बोलणी पुढे गेली होती. १९६८मध्ये त्यांनी अंग काढून घेतलं. ‘द पार्टी’त बक्षीच्या घरी एक माकड आहे, त्याचं नाव अपू. ज्याने ‘पथेर पांचाली’तला अपू पडद्यावर आणला त्याला हे पाहून काय वाटलं असेल याचा तर्क करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पुढे ‘द सिम्प्सन्स’मधल्या दुकानदार अपूला आवाज देणारे हँक अझारिया यांनी आपल्या उच्चारामागे सेलर्स यांचा बक्षीच असल्याचं सांगितलं. हरी कोंडाबोलू यांच्या २०१७च्या माहितीपटाने त्या उच्चारामुळे अमेरिकेतल्या भारतीय मुलांच्या वाट्याला काय आलं हे मांडलं आणि २०२०मध्ये अझारिया यांनी ती भूमिका सोडली. एका मेजवानीतलं हसू इतक्या दूर गेलं.

तरीही हा चित्रपट मी टाकून देऊ शकत नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण चित्रपटातच आहे. त्यात दोन विनोद शेजारी शेजारी चालतात. उच्चाराचा विनोद बक्षीला हसतो. शरीराचा विनोद घराला हसतो. बूट वाहून जातो तेव्हा हास्यास्पद ठरतात ते घरात पाट वाहवणारे लोक. बक्षीला स्वयंपाकघराच्या दाराशी ठेंगण्या आसनावर बसवतात तेव्हा हसू येतं ते त्याला तिथे बसवणाऱ्या शिष्टाचाराचं. मिशेल मोने या होतकरू गायिकेला गळाला लावू पाहणारा निर्माता डिव्हॉट त्या घरात सन्माननीय आहे आणि तिला आधार देणारा बक्षी आगंतुक. घरच्या मुलांनी मित्रांसह रंगवून आणलेल्या हत्तीचा अपमान त्याला खटकतो, म्हणून हत्ती धुवायचं ठरतं आणि त्यातून तो फेस. म्हणजे घर बुडतं ते त्या घरातल्या एकमेव आदरशील माणसाच्या आग्रहामुळे. बक्षी गप्प असताना चित्रपट त्याच्या बाजूने आहे. तो तोंड उघडतो तेव्हा चित्रपट यजमानांच्या बाजूला जाऊन बसतो.

माझ्या या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे लेव्हिन्सन. स्टीव्ह फ्रँकेन यांनी केलेला हा वाढपी पाहुण्यांनी नाकारलेला प्रत्येक पेला स्वतः रिचवतो आणि तासाभरात वाढपाचा सगळा क्रम उधळून लावतो. त्याला जवळपास संवाद नाहीत, त्याचा वंश कुठला हे कुणाला ठाऊक नाही, रंग नाही, उच्चार नाही, आणि तो बक्षीइतकाच हसवतो, काही जागी जास्तच. एडवर्ड्स यांना तपकिरी रंगाची गरज नव्हती हे त्यांच्याच चित्रपटाने दाखवून दिलं आहे.

आज हे सारं पाहण्याला आणखी एक निमित्त आहे. लग्नाच्या हॉलात वरमाला घालताना कोसळलेला मंच, केकमध्ये तोंड आपटलेला वाढदिवसाचा मुलगा, असे दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे आपल्या मोबाइलवर रोज येतात. पडणं भरपूर आहे. पडण्याआधीचं काही नाही. लॉरेल-हार्डी आणि एडवर्ड्स ज्यासाठी घाम गाळत ते म्हणजे आधीची दहा मिनिटं: चेरी निसटण्याआधीची भूक, न्हाणीघर सापडण्याआधी गायिकेचं गाणं संपायची ती जीवघेणी वाट. ‘द पार्टी’ पहिल्यांदा पाहणारे तरुण कधी कधी म्हणतात की फार हळू आहे. आहेच. दुसऱ्यांदा पाहताना तो हळूपणा कामाला येतो.

लेखांची मांडणी आम्ही काळाच्या क्रमाने न करता समारंभाच्या क्रमाने केली आहे: आमंत्रण, दार, पेय, पान, न्हाणीघर, निरोप. त्यामुळे १९२८ची चेरी आणि १९६८ची कोंबडी एकाच ठिकाणी भेटतात आणि चॅप्लिन दर भागात डोकावतो. हाँगकाँगचे मारामारीचे विनोदपट, इटालियन परंपरा आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिका आम्ही जवळपास वगळल्या; त्यांना स्वतंत्र पुस्तक हवं. तांत्रिक बाबी, म्हणजे एखादा गॅग किती चौकटींत बसतो, कॅमेरा कुठे असतो, आवाज केव्हा येतो, यांना मात्र जागा जास्त दिली आहे, कारण मराठीत नेमकं तेच मिळत नाही. प्रत्येक लेखातला चित्रपट आधी पाहून मग लेख वाचावा, ही अपेक्षा आहे, अट नाही.

बक्षीबद्दल मी वर जे लिहिलं ते माझं मत. पुस्तकात त्याच्यावर दोन लेख आहेत. एकाच्या मते फासलेल्या रंगाखाली कितीही सज्जन माणूस ठेवला तरी सोंग ते सोंगच. दुसऱ्याच्या मते हॉलिवूडने तोवर दाखवलेल्या हिंदुस्थानी माणसांत एवढी मोकळी, एवढी न लाजणारी व्यक्ती दुसरी नाही. दोघांनी एकमेकांचे मसुदे वाचले आणि कुणीही एक वाक्य मागे घेतलं नाही. ते लेख आम्ही लागोपाठ छापले आहेत. आधी कुठला घ्यायचा यावर संपादकांत बरीच खडाजंगी झाली, आणि शेवटी नाणं उडवलं.